दगड हलवण्याआधी

प्रिय टिचकी,

हे नाव बाबांनी ठेवलेलं. त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणी या नावाने हाक मारलेली तुला खपत नसे, हे मला चांगलं ठाऊक आहे. एकदा माझ्या तोंडून चुकून निघालं होतं, तर तू माझ्याकडे पाठ करून जेवली होतीस. पण आता या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही, आणि इतकं चांगलं नाव नुसतं पडून राहावं हे मला बघवत नाही. राग आला तर खोड आणि वर तुला हवं ते लिही.

तुझा निरोप मिळाला. 'माशांची टाकी नवीन घरी न्यायची आहे. कोण कोणाबरोबर राहील, नवीन काय घेता येईल, सविस्तर कळवा.' कळवा! एखाद्या खात्यातून पत्र यावं तसं. तरी मी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला, कारण इतक्या वर्षांत 'बाबा कुठे गेलेत' आणि 'गरम पाणी आहे का' यांच्या पलीकडे तू मला काही विचारल्याचं आठवत नाही. तेव्हा आता बस निवांत. मी आयुष्यभर हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काम केलं. दिवसभर दुसऱ्यांना जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं. तेव्हा गिळलेले शब्द आता निवृत्तीनंतर सगळे बाहेर पडतात. शेजारची बाई मला बघून हल्ली जिना बदलते.

निरोपाखालचा फोटोही नीट पाहिला. लग्नानंतर तू ज्या घरी राहायला जाणार, तिथली हॉलमधली खिडकीशेजारची भिंत. टेपचं एक टोक तुझ्या हातात आणि दुसरं तुझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या मुलीच्या. दोन वेण्या, चवड्यांवर उभी, टेप भिंतीला घट्ट धरलेली. मधे एक बुटकं टेबल, त्याला आरसा आणि खण. तू लिहिलंयस की ते तिच्या आईचं जुनं टेबल आहे, ते निघालं की टाकी बरोबर बसते, आणि ते काढा असं ती पोरगी स्वतःच म्हणाली. 'फार समजूतदार आहे' असंही लिहिलंयस. मी चष्मा पुसून तो फोटो परत पाहिला. त्याबद्दल मला बोलायचं आहे, पण आधी मासे. नाहीतर म्हणशील, विचारलं एक आणि ही सांगते भलतंच.

तर सगळ्यात आधी म्हातारी, आपली क्लाउनफिश. तुझ्या आईने आणली तेव्हा ती नखाएवढी होती म्हणे. आता माझ्या मधल्या बोटाएवढी झाली आहे आणि तिचा तोरा विचारू नकोस. तिचा जोडीदार बाबा गेले त्याच्या आदल्या वर्षी गेला. दुकानदार सांगेल की नवीन छोटा क्लाउनफिश सोडा, जमेल. सोडू नकोस. या वयात तिला कोणी नको आहे, आणि मला तिचं पटतं. तिला नेशील तेव्हा ती ज्यात राहते ते समुद्रफूल ज्या दगडाला धरून आहे तो दगडच उचलून ने. फूल ओरबाडून काढायचा प्रयत्न केलास तर ते फाटेल. बाबांनी हात घातला की ती त्यांच्या बोटांमधून फिरायची, तू घातलास की तळहातावर येऊन बसायची. आणि माझा हात दिसला की टाकीच्या दुसऱ्या टोकाकडून सुसाट यायची आणि चावायची. पहिल्या दिवसापासून. दात काही सांगण्यासारखे नसतात, पण अपमान व्हायचा तो होतोच. बाबा गेल्यापासून टाकीचं सगळं मीच करते, काच पुसणं, पाणी बदलणं, खाणं. तरी रोज चावते. मी तिला म्हणते, अगं बाई, आता आपण दोघीच उरलो, आता तरी! पण नाही. आता तर तिने चावलं नाही तर मलाच चुकल्यासारखं होईल.

मग गोबी मासा आणि त्याची कोळंबी. तुझं नाव जिच्यावरून पडलं ती नव्हे, ती केव्हाच गेली. ही तिच्यानंतरची तिसरी की चौथी. तुला आठवतच असेल, पण त्या मुलीला समजावून सांग, तिला आवडेल. कोळंबीला धड दिसत नाही. ती दिवसभर बीळ खणत असते आणि गोबी दाराशी उभा राहून पहारा देतो. काम करताना तिची एक मिशी सतत त्याच्या अंगावर टेकलेली असते. त्याने शेपूट हलवली की दोघंही आत. आणि रागावली की नांगी अशी वाजवते की काचेबाहेर टिचकी ऐकू येते. तू लहानपणी काचेला कान लावून बसायचीस आणि मग स्वतःला राग आला की तोंडाने काही न बोलता टिचकी वाजवायचीस. या दोघांना एका पिशवीत घालून ने, वेगळं करू नकोस. आणि टाकीवर जाळी हवीच. मधे एक गोबी उडी मारून बाहेर पडला होता, आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. कोळंबी नंतर किती दिवस बाहेरच आली नाही. बिळाच्या तोंडाशी नुसती मिशी दिसायची, इकडेतिकडे चाचपडणारी. मी ते बघायला जातच नसे. आता रस्ता ओलांडताना माझा हात बाबांच्या कोपराकडे जातो आणि तिथे काही नसतं. मला त्यांची फार आठवण येते गं. हे मी कोणापाशी बोलले नव्हते, तुझ्यापाशी बोलते आहे.

निळा-केशरी मँडरिन मासा मात्र नेऊ नकोस, जुनी टाकी असलेल्या कोणाला तरी देऊ. तो आपण टाकलेलं खात नाही. जुन्या दगडांवर डोळ्यांना दिसतील न दिसतील असे बारीक जीव रांगत असतात, त्यांच्यावर तो जगतो. टाकी उपसून नेली की ते मरतील, परत जमायला वर्ष जाईल आणि तोवर हा उपाशी मरेल. आपला पहिला मँडरिन आठवतो? तो असताना दुकानदाराने दुसरा एक चपळ मासा दिला होता, म्हणाला, अगदी गरीब आहे, कोणाशी भांडत नाही. खरंच भांडला नाही. फक्त ते बारीक जीव सगळे हाच फस्त करायचा. मँडरिन दगडादगडावरून टोचत फिरायचा आणि त्याला काही मिळायचं नाही. रंग मात्र शेवटपर्यंत तसेच, इतके सुंदर की येणारा जाणारा त्याचंच कौतुक करायचा. बाबा खुशीत होते, टाकीत कसं सगळं शांत आहे म्हणून. तूच पहिल्यांदा म्हणालीस की त्याचं पोट आत गेलंय. तेव्हा तू अकरा-बारा वर्षांची असशील. तू हे जेवणाच्या टेबलावर ताटाकडे बघत सांगितलंस, आणि मी तुझ्या ताटात पाहिलं, तर सगळं तसंच होतं. आपल्याही घरात भांडण नव्हतं. बाबा भेटेल त्याला अभिमानाने सांगायचे, आमच्याकडे कधी आवाज चढत नाही. एखादी बशी तरी आपटायची होतीस, टिचकी. मीही आपटली असती.

बाकीचं पटापट सांगते. भित्रे आधी सोडायचे आणि दांडगे शेवटी, कारण जो आधी येतो तो सगळी टाकी आपल्या बापाची समजतो. पिवळा टँग घ्यायचा असेल तर सगळ्यांच्या शेवटी घे. पोहायला लांबी लागते त्याला, पण तुझी भिंत पुरेल. शंखातल्या खेकड्यांसाठी रिकामे शंख टाकून ठेव, जरा मोठेच. अंगचा शंख तोकडा झाला आणि दुसरा दिसला नाही की ते जिवंत गोगलगाय ओढून काढतात आणि तिच्या घरात शिरतात. दोन प्रवाळांमध्ये वीतभर अंतर हवं, नाहीतर शेजारी शेजारी बसून एकमेकांना डंख मारत राहतात, आणि आपल्याला वाटतं काय छान फुललेत. मासा आजारी पडला तर त्याला बादलीत वेगळा काढून औषध दे. तांबं असलेलं औषध टाकीत गेलं तर मासे वाचतील, पण कोळंबी, खेकडे, गोगलगाई सगळ्या जातील. बाबा हे सांगताना बोट वर करायचे. मीही आत्ता केलं.

आता दगडांचं. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. नवीन मासा आणायचा असला की रविवारी सकाळी तुम्हा बापलेकींचा तो सोहळा. बाबा बाह्या वर करून खांद्यापर्यंत टाकीत, तू बादल्या घेऊन खाली, आणि घरभर खारं पाणी. सगळे दगड उचलायचे आणि वेगळे रचायचे. जुने मासे बावचळायचे. हा माझा कोपरा, ही माझी फट, असं कोणाला म्हणताच यायचं नाही. मग त्या गोंधळात नवीन सोडला की तोही त्यांच्यातलाच. तुझी तर घोषणाच होती, नवीन मासा येतोय, दगड हलवा! मी ती कधी ऐकली नाही, कारण मी यायच्या आधीच तू ती देणं सोडलं होतंस. पण बाबांनी मला तुझ्या आवाजात किती वेळा करून दाखवली आहे. गंमत अशी की हे माशांना चालतं. प्रवाळाला नाही चालत. तो ज्या दगडाला धरून बसतो, तिथला उजेड, तिथलं वाहतं पाणी, त्यावरच त्याचा जीव असतो. तुझ्या आईने मागच्या दगडावर लावलेला तो हिरवा प्रवाळ मी आल्यानंतर एकदा या हलवाहलवीत पुढे आला. मिटला, आक्रसला, मग पांढरा पडत गेला. बाबांनी घाईघाईने दगड परत जुन्या जागी नेला. पण उशीर झाला होता. त्यानंतर त्यांनी टाकीतले दगड कधी हलवले नाहीत. भोकं पाडलेला एक पारदर्शक डबा आणला. नवीन आलेल्याने त्या डब्यात बसायचं, टाकीच्या आत, सगळ्यांना दिसेल असं. जुन्यांनी यायचं, बघायचं, चिडायचं, निघून जायचं, परत यायचं. कोणाचं काही हलवायचं नाही. चिडणं संपलं की झाकण उघडायचं. तो डबा स्टँडखालच्या कप्प्यात आहे, तो आठवणीने ने.

आता मी आले त्या दिवसाबद्दल. हे मी कधीच सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नव्हते.

तू मावशीकडे राहून त्या दिवशी परत आलीस. मी नवे कपडे घालून दारात उभी, हातात तुझ्यासाठी पाण्याचा पेला, आणि जीव नुसता टांगणीला. मावशीने तुला आत ढकलल्यासारखं केलं. तू बूटसुद्धा काढले नाहीस. उंबऱ्यावरूनच बघत राहिलीस. टाकीसमोरची आईची रुंद हातांची खुर्ची नाही. आईचं कपाट मागच्या खोलीत. तुझा पलंग, ज्यावरून दारातून टाकीचा निळा उजेड दिसायचा, तो पार पलीकडच्या भिंतीला. जेवणाचं टेबल भलतीकडे. मग तू माझ्याकडे पाहिलंस आणि अगदी सावकाश म्हणालीस, 'अहो, माझा पलंग कुठे आहे?' तुझा मला पहिला शब्द तो. बाबांना हसू आलं. पुढे तू मला कायम अहोच म्हणत राहिलीस. मीही त्यांना अहोच म्हणायची, त्यामुळे तू स्वयंपाकघरातून अहो म्हणून हाक मारलीस की आम्ही दोघंही ओ द्यायचो. तेव्हा मलाही हसू यायचं, खोटं कशाला बोलू. पण त्या पहिल्या दिवशी माझ्या हातातला पेला तसाच राहिला.

तुला वाटलं ते सगळं मी हलवलं. कोणालाही वाटेल, नवी बाई येते आणि आधीचीचं सगळं काढते. खरं सांगायचं तर ते घर आधी कसं होतं हे मला माहीतच नव्हतं. मी ते त्याआधी बघितलंही नव्हतं. आमचं सगळं हॉस्पिटलच्या तळमजल्यावर ठरलं. ते लिफ्ट दुरुस्त करायला यायचे आणि माझ्या खिडकीशी उभं राहून वरच्या मजल्यावर फोन लावून द्या म्हणायचे. पुढे पुढे लिफ्ट नीट असली तरी यायचे. तू झोपल्यावर बाबांनी मला सगळं घर फिरून दाखवलं आणि लहान मुलासारखे खूश होऊन म्हणाले, बघ, आता कोणाचाच कोपरा उरला नाही, तिघांनाही घर सारखंच नवं, आता भांडण होणार नाही. तू मावशीकडे असताना त्यांनी एकट्याने ते अवजड कपाट ओढलं होतं. हातांना फोड आलेले मी पाहिले. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, अहो, ती पोर आहे, मासा नाही. त्यांना कळेच ना. म्हणाले, अगं, पण तिला विचारलंय मी.

त्यांनी तुला काय विचारलं आणि तू काय म्हणालीस ते शेवटी लिहिते. धीर गोळा करते आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पलंग परत न्यायला लावला. ते उठलेही, पण तू दारात उभी राहून म्हणालीस, राहू दे. नऊ वर्षांची पोर, पण आवाज असा की बाबांनी उचललेली बाजू खाली ठेवली. नंतर एकदा तू मोठी होत असताना जेवताना एकदम म्हणालीस, तुम्ही आलात आणि सगळं हलवलंत. इतक्या वर्षांत तुझा चढलेला आवाज मी तेवढाच ऐकला. बाबा खरं सांगायला तोंड उघडत होते. मी टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला. आणि या भल्या माणसाला काय वाटावं? मोठ्याने म्हणाले, अगं, पाय! तू ताट ठेवून उठून गेलीस. मी त्यांना सांगितलं की पोरीला आई नाही, आता बापावरही रागावली तर ती जाईल कोणाकडे. माझ्यावर रागावू दे, मी कुठे तिची कोण लागते. ते ढसाढसा रडले. मला रडू आलं नाही तेव्हा. मला वाटलं होतं, एक-दोन वर्षांत निवळेल. तू कॉलेजला वसतिगृहात गेल्यावर त्यांनी कोणाला न सांगता पलंग परत जुन्या जागी नेला. सुट्टीत तू आलीस, पाहिलंस, आणि गादी ओढून हॉलमध्ये टाकीसमोर झोपलीस. पुढे प्रत्येक सुट्टीत तिथेच. मी सकाळी तुला ओलांडून दूध आणायला जायची. तोंड उघडं टाकून झोपतेस तू, अजूनही झोपत असशील. तुझं पांघरूण मी नीट करायची. तू झोपेत असायचीस म्हणून करू द्यायचीस.

शेवटच्या दिवसांत, हॉस्पिटलात, बाबांना धड बोलता येत नव्हतं. तू गाडीत होतीस, येत होतीस. ते मला म्हणाले, पोरगी मासा नव्हती गं. मी म्हटलं, मला माहीत आहे. म्हणाले, तिला सांग. मी हो म्हटलं. ते गेले, तू पोचलीस, आणि सगळं आटोपून निघताना दारात तू मला म्हणालीस, तुम्ही बाबांना कधी काही बोलूच दिलं नाहीत. माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं, कारण ते खरं होतं. पण मी हसून म्हटलं, जपून जा. तुझी रिक्षा कोपऱ्यावर वळली आणि मग मी दार लावून खालीच बसले. आता तरी सांगायचं नाही असं तेव्हाच ठरवलं. नुकताच बाप गेलेल्या मुलीला त्याच्याबद्दल असं काही ऐकवायचं नसतं. कधीच ऐकवायचं नाही, मी आहे तोवर माझ्याच नावावर राहू दे, असंच मनात होतं. मग तुझा हा फोटो आला.

टिचकी, बाबांनी तुला विचारलं होतं की मी एका बाईला घरी आणतोय, ती आपल्याबरोबर राहील, चालेल ना. आणि तू, नऊ वर्षांची, म्हणालीस, 'मग दगड हलवायला लागतील ना, बाबा?' त्यांना वाटलं, केवढी समजूतदार पोर आहे. त्यांनी तुझा शब्द पाळला, एवढंच. त्यांच्यावर रागावू नकोस, आणि त्या नऊ वर्षांच्या मुलीवर तर मुळीच नको. ती काय म्हणत होती ते तिला तरी कुठे कळत होतं? तिला फक्त आपला बाप खूश असायला हवा होता. म्हणूनच हे पत्र, माशांबद्दल तर तू दुकानातही विचारलं असतंस. आता तो फोटो परत काढ. टेपचं टोक धरलेली ती मुलगी बघ, किती मन लावून हसते आहे, आणि तिचा दुसरा हात बघ. तो टेबलाच्या खणाच्या कडीवर आहे, घट्ट. ते टेबल हलवू नकोस. ती स्वतः काढा म्हणाली तरी नको, उद्या तिने स्वतःच्या हाताने ढकललं तरी परत जागेवर ठेव. टाकीला तिथे दुसरी जागा नसेल तर टाकी इथेच राहू दे. मी करीन सगळं, म्हातारीचे चावे खाऊन. तू तिथे जाशील तेव्हा कोणाचं काही न हलवता बस, सगळ्यांना दिसेल अशी. तिला बघू दे, चिडू दे, निघून जाऊ दे. ती तुला कशानेही हाक मारेल, आई म्हणणार नाही, जे म्हणेल त्याला ओ दे. आणि कधीतरी तिला घेऊन इथे ये, मासे दाखवायला. तुझा पलंग जुन्या जागीच आहे. आईची खुर्ची मी माळ्यावरून काढून घेतली, धुतली, टाकीसमोर ठेवली आहे. मी तिच्यावर बसत नाही.

तुझीच,
अहो